दासगाव बंदर : सावित्रीकाठचा विसरलेला धक्का

वऱ्हाडात वाढलेल्या विद्यार्थ्याने 'बंदर' हा शब्द ऐकला की त्याला मुंबई आठवते, समुद्र आठवतो. नदीलाही बंदर असते ही कल्पना त्याला सहजासहजी पटत नाही. आपल्या अकोल्यातून वाहणारी मोर्णा उन्हाळ्यात पायी ओलांडता येते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर माणसाला पिण्याचे गोडे पाणी मिळवण्याचीच चिंता. तेथे गलबताची गोष्ट कोण काढणार? म्हणूनच रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात असलेल्या दासगावचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. गाव आजही आहे. नाहीसे झाले ते त्याचे बंदर. त्या बंदराशी आपला संबंध किती जवळचा आहे, हे चवदार तळ्याचा इतिहास पाठ असणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

प्रथम भूगोल पाहू. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर व महाडवरून पश्चिमेकडे वळते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या मध्ये समुद्राला मिळते. मुखाकडील तिचा प्रवाह ही बाणकोटची खाडी होय. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा खाडीचे पाणी नदीच्या पात्रात पार महाडपर्यंत फुगत जाते. वल्ही न मारता होडी आत ओढली जाते; ओहोटी लागली की तीच होडी बाहेर जाते. कोकणातील नावाडी घड्याळ पाहून निघत नसे, पाणी पाहून निघे. महाडजवळ पात्र उथळ असल्यामुळे मोठी गलबते तेथपर्यंत जाऊ शकत नसत. ती महाडच्या अलीकडे सुमारे पाच मैलांवर दासगावला थांबत. दासगावचे महत्त्व या एका कारणातून आले.

या खाडीचे मोल फार पूर्वीच ओळखले गेले होते. दासगाव व महाड यांच्या दरम्यान, गांधारी आणि सावित्री या नद्यांच्या संगमापाशी, गांधारपाले येथे डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेल्या दानाची नोंद आहे. लेणे, चैत्यगृह व आठ खोल्या, त्याबरोबरच पाण्याची टाकी आणि लेण्याकडे जाणारी वाट असे ते दान आहे. पाणी आणि वाट या दोन गोष्टी दानाच्या यादीत मुद्दाम नोंदवल्या गेल्या, हे लक्षात ठेवावे. घाटमाथ्यावरून उतरणारा माल आणि समुद्रावरून येणारा माल येथे एकत्र येत असे. अशा व्यापारी मार्गांच्या कडेलाच भिक्खुसंघाचे वर्षावास उभे राहिले, हे पश्चिम महाराष्ट्रातील अनेक लेण्यांबाबत दिसून येते.

इंग्रजांचा प्रवेश 1755 साली झाला. कमोडोर जेम्स याने एप्रिल महिन्यात तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला आणि लगोलग बाणकोटचा हिंमतगडही ताब्यात आला. त्याचे नाव बदलून फोर्ट व्हिक्टोरिया ठेवण्यात आले. पुढील वर्षी विजयदुर्ग पडला. 1756 च्या ऑक्टोबरात पेशव्यांशी तह होऊन विजयदुर्ग पेशव्यांकडे गेला, तर बाणकोट व त्याबरोबर काही गावे कंपनीकडे राहिली. दासगाव त्यांपैकी एक. कंपनीला हवा होता तो सुरक्षित नदीमुख, पाणी आणि जहाजांवरील लोकांसाठी मांसाचा पुरवठा; मराठी मुलखात गोवधास मनाई असल्याने तो इतरत्र मिळणे अवघड होते. साम्राज्याचा आरंभ अशा साध्या गरजांतून होतो. पाठ्यपुस्तकात आपण लढाया वाचतो, पुरवठ्याची गोष्ट मात्र वाचत नाही.

उरलेले कोकण कंपनीच्या हाती 1818 साली गेले. म्हणजे आजूबाजूला पेशवाईचा अंमल असताना दासगावाने साठ वर्षांहून अधिक काळ कंपनीचे राज्य पाहिले. या प्रदेशातून, विशेषतः महाड व दापोली परिसरातील महार समाजातून, कंपनीच्या मुंबई फौजेत मोठी भरती झाली. पलटणीत अक्षरओळख होई, पेन्शन घेऊन माणूस गावी परते आणि आपल्या मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह धरी. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर याच फौजेतून निवृत्त झाले. 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. चवदार तळ्याच्या परिषदेचे एक प्रमुख संघटक रामचंद्र बाबाजी मोरे याच परिसरातील लाडवलीचे. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा या कुटुंबांचा आधार तुटला. पण शिकलेली पिढी तोवर उभी राहिली होती.

एकोणिसाव्या शतकात बंदर गजबजलेले होते. वरंधा घाटाने देशावरचा माल महाडला उतरे, तेथून तांदूळ व इतर जिन्नस मुंबईस रवाना होत. मुंबईहून कापड, साखर, रॉकेल येई. पुढे आगबोटी सुरू झाल्या, आणि मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत कामाला गेलेला कोकणी माणूस शिमग्याला याच वाटेने घरी परतू लागला.

आता 1927 कडे येऊ. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. परंतु कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोहोचला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. डिसेंबरातील सत्याग्रह परिषदेच्या वेळी वातावरण त्याहून तापलेले होते. मुंबईहून महाडला जाण्याचा नेहमीचा मार्ग धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारीने असा होता. मोटारमालक ऐन वेळी सत्याग्रहींना नेण्याचे नाकारतील अशी भीती होती. म्हणून संयोजकांनी लांबचा पाण्याचा मार्ग निवडला.

24 डिसेंबर रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे सहकाऱ्यांसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. बोट हरिहरेश्वरला आली. दुसऱ्या दिवशी खाडीतून प्रवास करून दुपारी साडेबाराच्या सुमारास मंडळी दासगावच्या धक्क्यावर उतरली. तेथे सुमारे तीन हजार सत्याग्रही वाट पाहत होते. पोलीस अधिकाऱ्याने कलेक्टरांचा निरोप दिल्यामुळे बाबासाहेब सहस्रबुद्धे यांच्यासह पुढे महाडला गेले. बाकीचा समुदाय घोषणा देत, गाणी म्हणत पाच मैल पायी चालत निघाला. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले.

या प्रसंगाचा एक अर्थ अभ्यासकांनी अधिक ठळकपणे मांडायला हवा असे मला वाटते. मोटार खाजगी मालकाची होती आणि मालकाला जात होती. आगबोटीचे भाडे मोजले की डेकवर जागा मिळे. तेथे वर्ग पैशाने ठरत. आगबोट कंपनीला समतेचा कळवळा होता असा याचा अर्थ नव्हे. तिला तिकिटाशी मतलब होता. पण भरतीच्या पाण्याला आणि तिकिटाला विटाळ नव्हता, एवढी फट चळवळीला पुरली. ज्यांना महाडातील एका तळ्याची ओंजळ नाकारली गेली होती ते त्याच महाडच्या नदीवरून निर्वेध आले. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने दिला, तोवर दासगावला उतरलेल्यांपैकी अनेकांचे केस पांढरे झाले असतील.

बंदर कोणत्या एका दिवशी बुडाले नाही. डोंगरावरची झाडी गेली तसा पावसात वाहून येणारा गाळ वाढला आणि पात्र उथळ होत गेले. मोटाररस्ता सुधारला, मुंबई-गोवा महामार्ग झाला, आगबोटी थांबल्या. कोकण रेल्वे आली आणि जवळच वीर स्थानक झाले. नदी मात्र आपले अस्तित्व अधूनमधून कठोरपणे जाणवून देते. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत दासगावात दरड कोसळून माणसे गाडली गेली. 2021 च्या महापुरानंतर सावित्रीतला गाळ काढण्याची आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव हटवण्याची मागणी महाडकरांनी लावून धरली. ज्या गाळाने बंदर मिटवले तोच आज महाड शहरात पाणी घुसवतो आहे.

आपल्या शाळेची सहल कधी ताम्हिणी घाटाने माणगाववरून महाडला गेली, तर लोणेरे आणि वीर ओलांडल्यावर विद्यार्थ्यांनी खिडकीपाशी सरकून बसावे. उजव्या हाताला सावित्रीचे रुंद पात्र लागेल, ते दासगाव. भरतीची वेळ असेल तर पाणी समुद्राकडे न जाता महाडच्या दिशेने सरकताना दिसेल. आणखी थोडे पुढे, महाडच्या अगदी अलीकडे, डाव्या हाताच्या डोंगरात गांधारपालेची लेणी दिसू लागतात. शिक्षकांनी शक्यतो दासगावपासून महाडपर्यंतचा तो पाच मैलांचा रस्ता मुलांना पायी चालायला लावावा; सकाळी लवकर निघाल्यास ऊन होण्याआधी चवदार तळे गाठता येते.