भंगारातून कला करायचीय? आधी वेल्डिंग शिका

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांच्या प्रश्नांत हल्ली एक नवा प्रश्न डोकावतो. मुलगा सायकलच्या चेनचे विंचू करतो, स्पार्क प्लगचे सैनिक करतो, बेअरिंगचे मुंगळे करतो. इन्स्टाग्रामवर कौतुक होतं, शेजारच्या काकूंनी एक घुबड विकतही घेतलं, आणि आता चिरंजीव म्हणतात, ‘मला हेच करायचंय.’ कधी मुलगी असते, मग आईची काळजी दुप्पट. आई विचारते, ‘यात पुढे काही आहे का हो?’ वडील काहीच विचारत नाहीत. आपलं पोर शिकूनसवरून भंगारवाला होणार की काय, ही धास्ती त्यांच्या गप्प बसण्यातच कळते.

सरळ उत्तर असं की, यात पोट भरता येतं, पण सुरुवातीची काही वर्षं ते कल्पकतेवर भरत नाही, हातातल्या कसबावर भरतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वेल्डिंग, मग कलाकृती. बहुतेक मुलं उलट्या क्रमाने जातात. एम-सीलने किंवा फेविक्विकने चिकटवलेले विंचू दोन महिने टिकतात. नंतर गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये एक नांगी गळून पडते आणि ते गिऱ्हाईक कायमचं जातं.

हा क्रम मी मनाने काढलेला नाही. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात क्र्वा-दे-बुके नावाचं गाव आहे. तेलाच्या रिकाम्या पिंपांच्या पत्र्यातून केलेल्या शिल्पांसाठी ते जगभर ओळखलं जातं. पिंपाची झाकणं काढायची, आत पालापाचोळा पेटवून रंग जाळायचा, उभा छेद देऊन पत्रा सपाट ठोकायचा, खडूने आकृती काढायची आणि छिन्नी-हातोड्याने कापत जायचं. वीज नाही, वेल्डिंग मशीन नाही. हे सुरू केलं ज्योर्ज लिओतो नावाच्या गावच्या लोहाराने. तो कब्रस्तानासाठी लोखंडी क्रूस घडवायचा. १९५३ च्या सुमारास हे क्रूस राजधानीतल्या एका कलाकेंद्राच्या संचालकाच्या नजरेस पडले आणि लिओतो शिल्पकार म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या वाटेने बाकीचे कारागीर गेले. लोखंड कुठे वाकतं नि कुठे तुटतं हे त्याला आधीच ठाऊक होतं. कलावंताचं नाव त्यानंतर मिळालं.

आता वेल्डिंग शिकायचं म्हणजे काय, ते थोडं जवळून बघू. साधा मुंगळा घ्या. पोटाला मोठं बेअरिंग, डोक्याला लहान, पायांना सायकलचे स्पोक. दिसायला पोरखेळ. पण बेअरिंगचं पोलाद कडक असतं. त्यावर घाईने टाका घातला की ते गार होताना ‘टिक्’ असा आवाज येतो. जोडाशेजारी केसासारखी चीर गेलेली असते. स्पोक इतका बारीक की करंट जरा जास्त झाला तर तो वितळून थेंब होतो. म्हणजे एकाच वस्तूत एक जाड, एक बारीक, एक कडक, एक मऊ. होल्डर कुठे रोखायचा, किती क्षण थांबायचं, जाड भागावर उष्णता ठेवून बारीक भागाला नुसता स्पर्श कसा करायचा, हे यूट्यूबवर दिसतं, पण हातात येत नाही. त्यात बिडाचा तुकडा आला, जुन्या शिलाई मशीनचं चाक म्हणा, तर नेहमीचा रॉड त्याला धरतच नाही. निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, सावकाश गार करावं लागतं. भंगारात कुठल्या तुकड्यावर तो कशाचा आहे हे लिहिलेलं नसतं. ग्राइंडरला लावून ठिणगी कशी उडते ते बघून अनुभवी माणूस ओळखतो.

हे सगळं शिकायची सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची जागा म्हणजे सरकारी आयटीआय. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे आणि दहावीत अडकलेल्या मुलालाही त्याला प्रवेश मिळू शकतो. हे वाक्य ऐकून काही घरांत नाक मुरडलं जाईल, याची कल्पना आहे. मुलाला ८५ टक्के आहेत आणि तुम्ही आयटीआय सांगताय? तर अशा घरांसाठी दुसरा रस्ता: दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर करा, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मधल्या सुट्ट्यांत एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हात काळे करा. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे करणारा तुमच्या गल्लीतला माणूस या विषयात पुष्कळ प्राध्यापकांपेक्षा जास्त जाणतो. पोराला घुबडं विकता आली नाहीत, तरी वेल्डर उपाशी राहत नाही. घरच्यांना रात्री झोप लागावी एवढी तजवीज या एका प्रमाणपत्रात आहे.

ज्यांना कलेच्या अंगाने पदवी हवी आहे त्यांच्यासाठी मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत धातुकामाचा स्वतंत्र विभाग आहे, हे कित्येक चित्रकलाशिक्षकांच्याही ध्यानात नसतं. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तिथे जाता येतं. अहमदाबादची एनआयडी, जयपूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइन या आणखी दोन जागा. दोन्हींकडे प्रवेशपरीक्षेची तयारी लागते आणि खर्चाचा आकडा आधीच बघून ठेवावा लागतो. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षा देऊन टाकाव्यात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात हा त्यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की, हाताला रेषेची सवय लागते. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. जोडकाम म्हणून ते कुठलाही वेल्डर करील. सीटमध्ये बैलाचं तोंड दिसणं हा भाग चित्रकलेचा.

माल मिळवण्याबद्दल मुलं फारसं विचारत नाहीत, पण निम्मा धंदा तिथेच आहे. भंगारवाल्याकडे काट्यावर घेतलेलं पोतं स्वस्त पडतं, पण त्यातलं निम्मं बिनकामाचं निघतं. गॅरेजवाल्याशी दोस्ती केली तर गिअर, चेन, वॉल्व्ह निवडून मिळतात. भाव थोडा चढा, पण वेळ वाचतो. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला, जहाजांच्या सामानासाठी दारूखाना, कोल्हापूरला उद्यमनगर, या जागा पायाखाली घालाव्यात. आणि एक गोष्ट पालकांनी मुलाला बजावून सांगावी: माल कुठून आला ते विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. गटाराची झाकणं, देवळातल्या घंटा, वीज मंडळाच्या तारा आणि विशेषतः रेल्वेचं काहीही. रूळ धरून ठेवणाऱ्या त्या वळणदार क्लिपा फार सुंदर दिसतात, त्यांचा हंस झकास होतो. पण रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. तिथून आलेला माल असेल तर कागद मागावा. साधी पावती, निदान मोबाइलवर पाठवलेलं बिल, ही सवय पहिल्या दिवसापासून.

जिवाची गोष्ट तर त्याहून आधीची. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते. तिला आग दाखवायची नाही. गाडीचा शॉकअब न उघडता कापायचा नाही, आत दाब असतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप बंद खोलीत जोडला की संध्याकाळी हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. तो जस्ताच्या धुराचा ताप. काळी काच न लावता वेल्डिंगकडे पाहिलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्या उस्तादाकडे मुलाला शिकायला ठेवू नका, मग तो कितीही नामांकित असो. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग होत नाही; ठिणगी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साडीवर पडते आणि सोसायटीची बैठक बसते.

आता पैसे. भंगार स्वस्त म्हणून वस्तूही स्वस्तात पडते असं सगळ्यांना वाटतं, आणि मुलं फसतात ती इथेच. एका टेबललॅम्पचा हिशेब मांडून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. निवडून घेतलेले तीन किलो सुटे भाग, किलोला ६० रुपयांप्रमाणे १८०. होल्डर, वायर, बल्ब २२०. रॉड, ग्राइंडिंगचं चाक, लॅकर, वीज मिळून १५०. पॅकिंग १२०. झाले ६७०. पण गंज घासून काढायला दीड तास, रचना जुळवायला एक, टाके घालायला एक, घासून साफ करायला एक, लॅकर आणि वायरिंगला दीड. सहा तास. तासाला १०० रुपये धरले, जे एका बऱ्या वेल्डरच्या मजुरीपेक्षा जास्त नाहीत, तर ६००. जागेचं भाडं आणि हत्यारांची झीज १३०. लॅम्प १४०० रुपयांना पडला. तो दुकानात ठेवला आणि दुकानदाराने विक्रीतले ४० टक्के घेतले, तर २५०० रुपयांना विकूनही हातात १५०० येतात. नफा शंभर. आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘भंगाराचा ना हो? मग अडीच हजार?’

महिन्यात पंचवीस दिवस आठ तास काम केलं तरी निम्मा वेळ माल शोधण्यात, फोटो काढण्यात, कुरिअरच्या रांगेत जातो. उरलेल्या शंभर तासांत सोळा लॅम्प होतात. मजुरी आणि नफा मिळून ११,२०० रुपये, आणि तेही सोळाच्या सोळा विकले गेले तर. हा आकडा मुलाला घाबरवायला मांडलेला नाही. यातून सुटका कुठे आहे ते यातच दिसतं. भंगार आणखी स्वस्तात घेऊन काही वाचत नाही. वाचवायचे आहेत ते तास. एकाच नमुन्याचे दहा लॅम्प एकदम घ्यायचे, भाग धरून ठेवायला जिग करायचा, घासायचं काम एका दिवशी सगळं उरकायचं. सहाचे साडेतीन तास झाले की लॅम्पमागे अडीचशे रुपये सुटतात. ‘प्रत्येक वस्तू एकमेव असली पाहिजे’ हा हट्ट कलावंताला शोभतो. त्याने तो महिन्यातल्या एखाद्या मोठ्या शिल्पावर पुरवावा, आणि त्याचे पैसे त्याप्रमाणे घ्यावेत.

ऑनलाइन विकताना लोखंडाचं वजन आड येतंच, शिवाय आकारही आड येतो. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. पसरलेल्या पंखांचा मोर म्हणजे खोकंभर हवा पाठवणं. पंख सुटे होतील असा मोर करा. कोकणात किंवा मुंबईत वस्तू जाणार असेल तर लॅकरचे दोन हात द्या आणि ‘बाहेर ठेवू नये’ असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहा. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तांबूस डागांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात.

मोठं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं, आर्किटेक्ट, कारखाने आणि महापालिका. दिल्लीत २०१९ मध्ये महापालिकेने सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या, तेव्हापासून अशा बागांची मागणी ठिकठिकाणी वाढली आहे. पण सरकारी कामात अनामत रक्कम आधी जाते आणि बिल उशिरा निघतं. नवख्याने थेट टेंडर भरू नये, अनुभवी शिल्पकाराच्या हाताखाली एक-दोन कामं करावीत. कारखान्यांचं गिऱ्हाईक मला जास्त पसंत आहे. चाकण-भोसरीच्या एखाद्या कंपनीला तिच्याच नाकारलेल्या सुट्या भागांतून सन्मानचिन्हं करून द्या. माल त्यांचा, संख्या ठरलेली, पैसे चेकने.

भांडवलाबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. साधं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल एवढ्याला ते पुरतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज अशी सोय आहे. मात्र ती प्रत्यक्ष त्या व्यवसायात असलेल्या, १८ पूर्ण झालेल्या कारागिरासाठी आहे आणि एका कुटुंबातल्या एकालाच मिळते.

घरात वाद असेल तर मुदत ठरवा. आयटीआयचं वर्ष आणि त्यानंतरची दोन वर्षं. या काळात मुलाने एक वही ठेवायची: वस्तू, लागलेले तास, खर्च, कोणी घेतली, किती पैसे प्रत्यक्ष हातात आले. वडिलांनी कलेवर मत द्यायचं नाही, फक्त महिन्याअखेरी वही बघायची. अनोळखी माणसाने दिलेली दुसरी ऑर्डर किती वेळा आली, तेवढा एक रकाना नीट तपासायचा. मामा, आत्या आणि वडिलांच्या ऑफिसातल्या मंडळींनी घेतलेल्या वस्तू वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या. त्या विक्रीत धरायच्या नाहीत.