सर्किट ब्रेकरमधला इन्सुलेटिंग रॉड : भाग छोटा, जबाबदारी मोठी

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि धुकं आठवतं. पण इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला इथली आणखी एक ओळख हवी. लोणावळा, वलवण आणि शिरवता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरतं. टाटांचं तिथलं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि वीज मुंबईला पोहोचली. पुढे १९२२ मध्ये मावळातल्याच ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचं केंद्र उभं राहिलं.

जिथे वीज तयार होते, वाहते किंवा वाटली जाते, तिथे सर्किट ब्रेकर आलाच. पुस्तकात आर्क, व्हॅक्यूम, एसएफ-६ यांवर पानंच्या पानं असतात. पण कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष हलवणाऱ्या इन्सुलेटिंग रॉडवर जेमतेम दोन ओळी! म्हणून हा लेख.

रॉड करतो काय?

११ केव्हीचा व्हॅक्यूम ब्रेकर घ्या. स्प्रिंग, लॅच आणि शाफ्टची मेकॅनिझम अर्थ केलेली असते. हलणारा कॉन्टॅक्ट मात्र लाइनच्या व्होल्टेजला असतो. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे हा रॉड. त्याने धक्का पोहोचवायचा, पण वीज पोहोचू द्यायची नाही. १२ केव्ही वर्गाच्या ब्रेकरचं इन्सुलेशन २८ केव्हीची एक मिनिटाची आणि ७५ केव्हीची इम्पल्स टेस्ट सोसणारं लागतं. म्हणून रॉड इपॉक्सी किंवा ग्लास फायबरचा करतात आणि दोन्ही टोकांना धातूचे इन्सर्ट बसवतात.

लांबी का जुळवायची?

समजा मेकॅनिझमची एकूण चाल १२ मि.मी. आहे. त्यातली ९ मि.मी. कॉन्टॅक्टमधली गॅप आणि उरलेली ३ मि.मी. वाइप, म्हणजे कॉन्टॅक्ट टेकल्यावर प्रेशर स्प्रिंग दबण्याची चाल. आता रॉड दीड मि.मी. आखूड बसला तर गॅप १०.५ होते, पण वाइप दीडच उरतो. कॉन्टॅक्टवरचा दाब घटतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि शॉर्टसर्किटच्या वेळी कॉन्टॅक्ट वेल्ड होण्याची भीती असते. उलट रॉड दीड मि.मी. लांब झाला तर वाइप ४.५ आणि गॅप फक्त ७.५! म्हणजे उघड्या ब्रेकरची व्होल्टेज सोसण्याची ताकद कमी.

शिवाय तिन्ही पोल एकदम चालले पाहिजेत. आयईसी स्टँडर्डप्रमाणे बंद होताना पोलमधला फरक पाव सायकल (५ मिलिसेकंद) आणि उघडताना एकषष्ठांश सायकल (सुमारे ३.३ मिलिसेकंद) यापेक्षा जास्त नसावा. कॉन्टॅक्टचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर १ मि.मी.चा फरक म्हणजे १ मिलिसेकंद. प्रत्येक इंटरप्टर आणि प्रत्येक सुटा भाग अगदी तंतोतंत मापाचा नसतो, म्हणून प्रत्येक पोलचा रॉड वेगळा जुळवावा लागतो.

जुळवणी कशी?

एका टोकाला १.५ मि.मी. पिचचा आटा आणि डोळा असेल, तर पिन बसण्यासाठी डोळा अर्ध्या फेऱ्यानेच फिरवता येतो. म्हणजे सर्वांत लहान टप्पा ०.७५ मि.मी. दुसरी पद्धत टर्नबकलची : एका टोकाला उजवा, दुसऱ्याला डावा आटा. मधला भाग फिरवला की टोकं न फिरता एका फेऱ्यात लांबी ३ मि.मी. बदलते, आणि हवं तिथे थांबता येतं. नंतर लॉकनट घट्ट करायचा, नाहीतर शेकडो ऑपरेशनच्या धक्क्यांनी सेटिंग सरकतं.

इथे एक पथ्य पाळायचं. इंटरप्टरचा बेलो पातळ पत्र्याचा असतो. त्याला पीळ सोसत नाही. पीळ बसून चीर गेली की व्हॅक्यूम गेलाच. म्हणून नट फिरवताना इंटरप्टरचा दांडा पक्का धरायचा. आणि त्याआधी ब्रेकर बाहेर काढून स्प्रिंग डिस्चार्ज करायची, हे वेगळं सांगायला नको.

मावळचा पाऊस

लोणावळ्याची उंची साधारण ६२० मीटर. स्टँडर्ड १००० मीटरपर्यंत उंचीची दुरुस्ती मागत नाही, त्यामुळे विरळ हवेची चिंता नाही. चिंता आहे ओलाव्याची. रॉडवर धूळ बसली आणि धुक्याचा दमटपणा लागला की पृष्ठभागावरून लीकेज करंट वाहतो आणि हळूहळू जळका माग तयार होतो. यालाच ट्रॅकिंग म्हणतात. म्हणून रॉडला वळ्या देऊन क्रीपेज अंतर वाढवतात. पॅनेलमधला हीटर पावसाळ्यात चालू ठेवणं आणि रॉड कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसणं हे साधे उपाय फार मोलाचे आहेत.

रॉड तुटला तर?

हा प्रश्न जिवाचा आहे. पॅनेलवरचं ऑन-ऑफ इंडिकेटर मेकॅनिझमला जोडलेलं असतं, कॉन्टॅक्टला नाही. रॉड तुटला तरी मेकॅनिझम हलते आणि इंडिकेटर बिनधास्त ‘ऑफ’ दाखवतं. इकडे बाहेरच्या हवेचा दाब बेलोमार्फत कॉन्टॅक्ट बंद करायला बघतो. बेलोचा प्रभावी व्यास ४० मि.मी. धरला, तर लोणावळ्यातही हे बल सुमारे ११८ न्यूटन, म्हणजे १२ किलो वजनाइतकं भरतं. थोडक्यात, इंडिकेटर ऑफ आणि एक फेज जिवंत!

म्हणून मित्रांनो, इंडस्ट्रियल व्हिजिटला जाल किंवा उद्या नोकरीला लागाल, तेव्हा क्रम पक्का ठेवा : ब्रेकर ऑफ, आयसोलेशन, तिन्ही फेजवर व्होल्टेज डिटेक्टर, मग अर्थिंग, आणि त्यानंतरच हात. डिटेक्टरही आधी चालू लाइनवर तपासून घ्या. व्हायव्हाला हा रॉड कोणी विचारेल की नाही, सांगता येत नाही. सबस्टेशनमध्ये मात्र तो रोज परीक्षा घेतो.