नवापूरला माणसं वाचली, मग भीती कशाची?

प्रश्न : बर्ड फ्लूची बातमी आली की तात्यापाऱ्यात आमच्या घरी चिकन बंद होतं. पण २००६ साली नवापूरला एकाही माणसाला लागण झाली नाही. मग ही भीती फुकाचीच ना? – एक वाचक, रायपूर

उत्तर : भीती खरी आहे, तुम्ही ती चुकीच्या जागी शोधताय. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये एच५एन१ विषाणू सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तरी माणसं सुटली. याचं मोठं कारण आपल्या श्वसनमार्गात आहे. हा विषाणू पेशीवरच्या ज्या साखरेच्या रेणूला चिकटतो, तो पक्ष्यांच्या आतड्यात मुबलक असतो. आपल्याकडे मात्र तो मुख्यतः फुप्फुसाच्या तळाशी, नाकाघशात अगदी थोडा. म्हणून लागण अवघड, पण झालीच तर ती खोलवर आणि घातक. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले.

‘इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?’ असंही कुणी म्हणेल. पण विषाणू आपली नक्कल करताना सतत चुका करतो आणि प्रत्येक आजारी खुराडं म्हणजे माणसाला सहज चिकटता यावं यासाठी त्याला मिळालेल्या कोट्यवधी नव्या सोडती. नवापूरची कत्तल त्या सोडती बंद करण्यासाठी होती. तुमच्या ताटातलं नीट शिजलेलं चिकन या हिशेबात येतच नाही, कारण ७० अंशांपुढे विषाणू टिकत नाही. धोका आहे तो मेलेली कोंबडी उघड्या हातांनी उचलणाऱ्याला, पिसं काढणाऱ्याला.