आज्ञावलींची घरची कणगी

आज्ञावली लिहिताना प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी लागते. त्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ निर्माण केले. अशा नोंदी बहुधा ‘गिटहब’सारख्या परदेशी कंपनीच्या कोठारात राहतात. परंतु डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ज्या ३२ संकेतस्थळांवर बंदीचा हुकूम निघाला, त्यांत गिटहबही होते. पुढे बंदी उठली. तरी घरची कणगी हवीच.

‘गिटी’ हे मुक्त साधन त्यासाठी पुरेसे आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर प्रथम गिट बसवावे व गिटीसाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा. सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावे ती चालवू नये. मग गिटीची एकच फाइल उतरवून तिला चालण्याची परवानगी द्यावी. लहान गटाला ‘एसक्यूलाइट’ पुरते. ‘सिस्टिमडी’त नोंद केली, की वीज जाऊन आली तरी गिटी आपोआप सुरू होते. शेवटी ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता व ३००० हा पोर्ट क्रमांक द्यावा. पहिली नोंदणी करणारा व्यवस्थापक ठरतो. म्हणून ती आपणच त्वरित करावी.

ही सोय केवळ शास्त्र शाखेची नव्हे. पिंपळनेर परिसरातील अहिराणी शब्द व ओव्या आपण गोळा केल्या, तर कोणी काय केव्हा दुरुस्त केले, हे तीत टिकेल, असे मला वाटते. मात्र रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. सारे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये.