सायकल काढा, पण बेत आधी आखा

ताईंनो, दळणाला, बाजाराला आपण सायकल काढतोच. यंदा थंडीत एक दिवस स्वतःसाठी काढूया. आपल्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. जानेवारी २०२० मध्ये तशी घोषणा झाली. लोक लांबून पक्षी बघायला येतात, आणि आपण जवळ राहून गेलेलो नसतो!

बेत असा आखा:

१. परतीची वेळ आधी ठरवा. रमतगमत तासाला १० किलोमीटर होतात. १५ किलोमीटरला दीड तास, वर अर्धा तास विसावा, म्हणजे दोन तास. पाचला घरी यायचं तर तीनला परत फिरा. आपल्याकडे उसात बिबट्या असतो, म्हणून सकाळी चांगलं उजाडल्यावरच निघा आणि तिन्हीसांजेच्या आत घरात या.

२. आदल्या दिवशी हवा, ब्रेक, चेन बघा. पदर, ओढणी खोचून घ्या, चाकात अडकते.

३. सगळ्यात हळू चालवणारी पुढे, सरावाची शेवटी. म्हणजे कुणी मागे राहत नाही. डावीकडून, एकामागे एक चला. उसाची ट्रॉली आली तर खाली उतरून थांबा.

४. पाणी, भाकरी सोबत घ्या. कुठे जाताय, कधी येणार, हे घरी आणि गटाच्या अध्यक्षांना सांगा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पुढच्या बैठकीत तारीख ठरवून वहीत लिहा. नाहीतर ‘कामं उरकली की जाऊ’ म्हणता म्हणता थंडी सरते.