मनाई हुकूम: खर्च कुठे करावा, कुठे वाचवावा

मालकीचा दावा वर्षानुवर्षं चालतो. बांधावर जेसीबी मात्र एका सकाळी येतो. म्हणून दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा अर्ज द्यायचा असतो. महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत त्याला ‘निशाणी 5’ म्हणतात. जमीन कुणाची हे त्यावर ठरत नाही. निकाल लागेपर्यंत कुणी कुणाचा कब्जा काढायचा नाही, एवढंच ठरतं. तेव्हा पहिला पैसा पणजोबांच्या वंशावळीवर नव्हे, आजच्या वहिवाटीच्या पुराव्यावर घाला.

हा पुरावा स्वस्त असतो. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. फेरफार, पीकपाहणी, शेतसाऱ्याच्या पावत्या, विहिरीच्या मोटारीचं वीजबिल, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा हेही जोडा. या टप्प्यावर एरवी साक्षी-उलटतपासणी होत नाही, कागद आणि प्रतिज्ञापत्रं बोलतात. प्रतिज्ञापत्रासाठी कुणी 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला लावला, तर आणू नका. कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे.

कोर्ट फीची भीती बहुतेकांना उगाच असते. शेतजमिनीचं मूल्यांकन बाजारभावाने नव्हे, सातबाऱ्यावरच्या आकारणीच्या पटीत होतं, त्यामुळे फी बेताचीच बसते. घर किंवा बिनशेती भूखंड असेल तर आकडा वाढतो. राज्यात कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे. इथे एक मोह टाळा. मालकी ठरवून मागितली की फी वाढते, म्हणून नुसत्या ताकिदीचा, म्हणजे मनाईचा, दावा लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. समोरच्याने मालकीवरच गंभीर प्रश्न उभा केला असेल, तर नुसती ताकीद मागून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली अनातुला सुधाकर प्रकरणात स्पष्ट केलं आहे. वाचवलेली फी मग दावादुरुस्तीत आणि तारखांत दामदुपटीने जाते.

खरा खर्च वकिलाचा. ठरलेला दर नाही, म्हणून दावा लिहिणं, निशाणी 5 चा युक्तिवाद, प्रत्येक तारीख आणि अपील यांचे आकडे वेगवेगळे विचारा नि कागदावर घ्या. हुकूम मिळो वा न मिळो, हरलेली बाजू सहसा जिल्हा न्यायालयात अपिलात जाते. तो खर्च आधीच धरा. जमिनीतला हिस्सा फी म्हणून कबूल करू नका, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

शेतजमिनीवरून नुकतंच हुसकावलं असेल किंवा वहिवाटीला अडथळा होत असेल, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जा. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 खाली ते कब्जा परत देऊ शकतात, मनाईही करू शकतात. माझ्या मते लहान शेतकऱ्याने आधी हे दार ठोठावावं. खर्च किरकोळ आहे.

समोरच्याला नोटीस न देता एकतर्फी हुकूम मिळाला तर निर्धास्त होऊ नका. अर्जाच्या आणि दाव्याच्या प्रती त्याला लगेच पाठवाव्या लागतात आणि 30 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. अपुऱ्या कारणावर हुकूम घेतल्याचं दिसलं, तर 50 हजारांपर्यंत भरपाई तुमच्याच माथी बसू शकते. म्हणून खोटी वहिवाट दाखवून हुकूम काढणं परवडत नाही.

पैसेच नसतील, तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. वकील, कोर्ट फी, नोटिसांचा खर्च सगळं त्यात येतं.

हुकूम हाती आला की सही-शिक्क्याची नक्कल काढून पोलीस ठाण्यात आणि तलाठ्याकडे देऊन पोच घ्या. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. मात्र त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज तुम्हालाच द्यावा लागतो.