एक्सरे स्वच्छ, तरी धाप का?

प्रश्न : माझ्या वडिलांनी मुंबईत ब्रेक-लायनिंगच्या कारखान्यात बावीस वर्षे काम केले. निवृत्तीनंतर ते गावी आले, त्यालाही आता बराच काळ झाला. हल्ली चढ चढताना त्यांना धाप लागते. छातीचा एक्सरे स्वच्छ आहे, तरी अलिबागच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. एक्सरेत नाही ते त्यात दिसेल का? आणि तो दर वर्षी करावा लागेल का?
— एक वाचक, मुरूड

उत्तर : दिसू शकते. डॉक्टरांनी वडिलांचे जुने काम विचारात घेतले, हे फार चांगले झाले. त्या काळच्या ब्रेक-लायनिंगमध्ये सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासावाटे खोल जाऊन तिथेच राहतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. हाच अ‍ॅस्बेस्टोसिस. त्रास जाणवायला बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात. तोवर चाकरमानी गावी परतलेला असतो आणि दवाखान्यात कारखान्याचा विषयच निघत नाही. मग दम्याचा पंप, नाहीतर टीबीच्या गोळ्या. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातले १८१ कामगार तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पाचांतल्या एकाहून अधिक जणांना हा आजार आढळला.

एक्सरेत बरगड्या, हृदय, श्वासपटल सगळे एकमेकांवर उमटते. हा आजार सुरू होतो फुप्फुसाच्या तळाशी, पाठीच्या बाजूला, आवरणालगत. नेमकी तिथेच एक्सरेत गर्दी असते. हाय-रिझोल्यूशन सीटीत सुमारे एक मिलिमीटरचे छेद मिळतात. आवरणाला समांतर गेलेल्या बारीक रेषा त्यात सुटून दिसतात. आवरणावरचे चट्टेही दिसतात, पण त्यांना घाबरू नका. ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काची खूण आहेत. केवळ त्यांच्यामुळे सहसा धाप लागत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. माणूस उताणा झोपला की पाठीकडचा भाग दबतो आणि निरोगी फुप्फुसातही तिथे धूसर सावली येते. ती सुरुवातीच्या आजारासारखीच दिसते. पालथे झोपवून पुन्हा छेद घेतले की दाबाची सावली निघून जाते, आजाराची खूण जागच्या जागी राहते. म्हणून चिठ्ठीवर ‘पालथ्या स्थितीतही’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ‘अ‍ॅस्बेस्टॉसचे काम, बावीस वर्षे’ हेही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते माहीत नसेल तर तो याच रेषांचा वेगळा अर्थ लावू शकतो.

दर वर्षी पूर्ण सीटीची गरज सहसा नसते. त्यातले किरण एक्सरेच्या पन्नास पटींहूनही जास्त असू शकतात आणि हा आजार सावकाश सरकतो. मधल्या काळात फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी आणि रक्तातला ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवता येते. ते घसरले की पुन्हा सीटी. पहिल्या स्कॅनची सीडी जपा, पुढची तुलना तिच्याशीच होणार. कॅन्सरवर नजर ठेवण्याचा कमी किरणांचा सीटी वेगळा. धोका जास्त असलेल्या कामगारांसाठी अ‍ॅस्बेस्टॉसच्या आजारांविषयी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१४ च्या हेलसिंकी निकषांनी तो सुचवला आहे. वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर आजच सोडायला लावा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो. आधी झालेली हानी मात्र सीटीने किंवा औषधाने भरून येत नाही.

कारखान्याकडे जुने कागदही मागा. अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा आदेश आहे. अ‍ॅस्बेस्टोसिस ठरला तर कर्मचारी राज्य विमा किंवा भरपाई कायद्याखालचा दावा या नोंदींवर उभा राहतो. आणि आई त्या काळात मुंबईत राहून वडिलांचे कामाचे कपडे धुत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. कपड्यांवरून घरी आलेल्या तंतूंनी घरच्या माणसांनाही आजार झालेले आहेत.